खानदेशातील स्वतंत्र चित्रकार : व्यक्तिचित्रे आणि परवडणाऱ्या मूळ चित्रांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत आज असे काही चित्रकार काम करीत आहेत, ज्यांच्या पाठीशी शाळेची नोकरी नाही आणि कलादालनही नाही. छायाचित्रावरून किंवा प्रत्यक्ष समोर बसवून माणसांची चित्रे काढून देणे हा त्यांच्या मिळकतीचा मुख्य भाग असतो. उरलेल्या वेळात ते केळीच्या बागा, आठवडे बाजार, सातपुड्याच्या पायथ्याची गावे असे विषय स्वतःच्या मनाने रंगवतात आणि ती चित्रे शिक्षक, दुकानदार किंवा बागायतदार यांच्या कुटुंबाला झेपेल अशा किमतीत विकतात. या व्यवसायाकडे पोटापुरती तडजोड म्हणून पाहण्याची सवय कलाक्षेत्रात बरीच रुजलेली आहे. प्रस्तुत लेखकाला ती सवय अन्यायाची वाटते, कारण खानदेशात मूळ चित्राला गिऱ्हाईक मिळाले ते नेहमी माणसाच्या चेहऱ्याच्या वाटेनेच.

पूर्वजांची प्रतिमा घरात ठेवण्याची रीत येथे कॅनव्हासपेक्षा पुष्कळ जुनी आहे. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे प्रतिमा उठवलेले लहान पत्रे, सोनाराकडून घडवून घेतले जात आणि त्यांत कुलदैवतांबरोबर घराण्यातल्या वीराचाही टाक असे. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवात नारळाला डोळे, नथ आणि दागिने लावून देवीचा चेहरा साकारला जातो, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. गेलेल्या माणसाची वर्षातून ठरावीक दिवशी आठवण काढणाऱ्या समाजात पुढे तसबिरीला एवढे महत्त्व का आले, हे या रीतींवरून समजते. उत्तरकार्य आणि गंधमुक्तीच्या दिवशी हार घातलेली तसबीर मांडण्याची प्रथा आज इतकी सर्वत्र झाली आहे की तिच्याशिवाय तो विधी पुरा वाटत नाही.

पाश्चात्त्य पद्धतीचे तैलचित्रण या परिसरात आले ते अजिंठ्याच्या निमित्ताने. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण जळगावहून ती जेमतेम ६० किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्याकडे जाणारी एक मोठी वाट खानदेशातूनच जाते. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ती पडल्यानंतर भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याच्याकडे सोपवण्यात आले. अंधाऱ्या विहारांत वर्षानुवर्षे खपून त्याने मोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगात केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे दफन भुसावळ येथे झाले. १८७२ पासून हेच काम मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा हाती घेतले आणि ते १८८५ पर्यंत चालले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे पश्चिम भारतातील नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यांची वळणे उतरवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या हाताला जिवंत माणसाचा चेहरा वाचण्याची सवय तेथेच लागली असावी, असे मानायला जागा आहे.

अजिंठ्याच्या या कामाचा फायदा खानदेशातल्या कारागिराला मात्र झाला नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेली जे. जे. कलाशाळा आणि १८८८ मध्ये सुरू झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी या दोन्ही संस्था मुंबईत होत्या, आणि शिकलेला चित्रकार तेथेच राहत असे, कारण संस्थानिक, न्यायाधीश, गिरणीमालक हे पैसे मोजणारे लोक तेथे होते. खानदेशात पैसा आला तो कापसाबरोबर. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली, आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, पेढ्या, वाचनालये व शाळा उभ्या राहिल्या. देणगीदाराचे तैलचित्र संस्थेच्या दिवाणखान्यात लावण्याची आणि त्याचे समारंभपूर्वक अनावरण करण्याची पद्धत याच संस्थांनी रुजवली. अशा चित्राचा खर्च बहुधा वर्गणीतून भागत असे, म्हणून एका माणसाच्या चेहऱ्यासाठी अनेक जण पैसे देत. सामान्य घराला हे शक्य नव्हते. तेथे छापील चित्र गेले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी थोड्या पैशांत घरोघरी मिळू लागल्या. चित्र भिंतीवर हवे, ही इच्छा या छापांनी सर्वदूर नेली. पण चित्र म्हणजे स्वस्तात मिळणारी छापील वस्तू, अशी समजूतही त्यांनीच घट्ट केली, आणि मूळ चित्राची किंमत सांगताना आजच्या चित्रकाराला त्याच समजुतीशी झगडावे लागते.

छायाचित्र आल्यावर व्यक्तिचित्र संपेल असे वाटले होते, परंतु लहान गावांत उलट घडले. जुना फोटो लहान, पुसट आणि अनेकदा घोळक्यातला असे. त्यावर चौकटी आखून चेहरा मोठा करणे, मोठ्या केलेल्या कृष्णधवल छायाचित्राला रंगाचा हात देणे आणि अखेर कॅनव्हासवर स्वतंत्र तैलचित्र करणे, अशी कामाची एक चढती श्रेणी तयार झाली. या कामात यांत्रिक नकलेपलीकडचे बरेच काही असते. घरच्यांना वडिलांच्या डोक्यावर फेटा हवा असतो, पण फोटोत ते बोडक्या डोक्याने उभे असतात. आईचा एकमेव फोटो ओळखपत्रावरचा असतो आणि त्यात ती तिच्या वयापेक्षा थकलेली दिसते. चित्रकार मुलांचे चेहरे पाहतो, नाकाची ठेवण व कपाळ ताडून बघतो, घरच्यांना प्रश्न विचारतो आणि मग जो चेहरा उभा राहतो तो कोणत्याही एका फोटोत नसतो. ‘हुबेहूब’ ही पावती त्याला मिळते ती या शोधाबद्दल, आणि मोबाईलमधले चित्र बदलून देणारी साधने आल्यावरही ही मागणी टिकून आहे, त्याचे कारण येथेच आहे.

चित्र सामान्य माणसापर्यंत नेण्याचा एक मोठा प्रयोग खानदेशच्या भूमीवरच झाला. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखे गावात मिळणारे साहित्य वापरून अधिवेशननगर सजवले. १९३८ मध्ये तापीच्याच काठी, पण गुजरातेत, हरिपुरा येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकरी, लोहार, वादक, दळणाऱ्या बाया अशा माणसांची शेकडो चित्रे साध्या कागदावर काढून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी उघड्यावर लावली. चित्राचे साहित्य साधे असले म्हणून चित्र कमी प्रतीचे ठरत नाही, ही गोष्ट त्या कामाने सिद्ध केली. फैजपूरचे नाव राजकीय इतिहासात राहिले. कलेच्या अंगाने त्याची आठवण आपल्याकडे फारच कमी ठेवली गेली, याची खंत वाटते.

मुंबईपासून दूर राहूनही आयुष्यभर कला करता येते, याचे खानदेशातील ठळक उदाहरण म्हणजे चाळीसगावचे केकी मूस. १९१२ मध्ये जन्मलेल्या आणि १९८९ मध्ये निधन पावलेल्या या कलावंताने चाळीसगाव येथील आपल्या घरात जवळजवळ एकांतवासात राहून छायाचित्रण, चित्रकला आणि शिल्पकला यांची साधना केली. टेबलावर लहान वस्तूंची मांडणी करून त्यांतून विस्तीर्ण दृश्याचा भास निर्माण करणारी त्यांची छायाचित्रे विशेष गाजली. त्यांचा मार्ग बाजाराचा नव्हता, त्यामुळे पोट चित्रावर चालवू पाहणाऱ्याला तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी आडगावी राहण्याचा न्यूनगंड त्यांच्या उदाहरणाने नक्की कमी होतो.

चित्रकलेत गती असलेल्या तरुणासाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दोन वाटा होत्या. पहिली कलाशिक्षकाची. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा गावोगावच्या शाळांत पोहोचल्या आणि आर्ट टीचर डिप्लोमा घेतलेल्याला शाळेत जागा मिळे. दुसरी वाट दुकानाच्या पाट्या, चित्रपटांचे फलक आणि भिंतींवरील जाहिराती रंगवणाऱ्या पेंटरची. अक्षरांवर हात बसलेला हा माणूसच अनेकदा गावातला व्यक्तिचित्रकार असे, आणि पुढाऱ्याच्या स्वागताचा फलक व एखाद्याच्या आजोबांचे तैलचित्र एकाच खोलीत वाळत पडलेले असे. संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि काही वर्षांतच ही दुसरी वाट बंद झाली. शाळांतील कलाशिक्षकांची भरतीही आटली. स्वतंत्र चित्रकार नावाचा आजचा वर्ग या दोन बंद पडलेल्या वाटांतून उभा राहिला आहे.

त्याने मूळ चित्र कमी किमतीत विकावे यामागे भावनेबरोबर हिशेबही आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी प्रदर्शन करायचे तर जळगावपासून सुमारे ४२० किलोमीटर चित्रे नेणे, फ्रेम, भाडे, मुक्काम असा सगळा खर्च चित्राच्या किमतीत येतो. खासगी कलादालन विक्रीच्या रकमेतला मोठा हिस्सा कमिशन म्हणून घेते. घरातल्या खोलीतून थेट विकणाऱ्याला हा बोजा नसतो. लहान आकार, कागदावर जलरंग किंवा ॲक्रिलिक, आणि फ्रेमशिवाय विक्री या तीन गोष्टींनी किंमत आणखी खाली येते. व्यक्तिचित्राच्या कामाला आगाऊ इसार मिळत असल्यामुळे रंग-कॅनव्हासचा खर्च निघतो आणि स्वतःच्या चित्रासाठी गिऱ्हाइकाची वाट पाहण्याचे बळ येते. जे कुटुंब प्रथम आजीचे चित्र करून घेण्यासाठी येते, तेच पुढे भिंतीसाठी एखादे निसर्गचित्र नेते. मात्र परवडणारी किंमत म्हणजे मजुरी सोडून देणे नव्हे. तैलचित्राचा एक थर वाळल्यावरच बहुधा दुसरा चढवावा लागतो, आणि त्या दिवसांचा मोबदला न धरणारा चित्रकार फार काळ या धंद्यात टिकत नाही.

कायद्याची बाजूही येथे समजून घ्यावी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा हक्क मात्र चित्र विकल्यावरही चित्रकाराकडेच राहतो. मूळ चित्र पुढे पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला वाटा देणारे कलम ५३-अ १९९४ च्या दुरुस्तीने आले, पण पुनर्विक्रीची किंमत १०,००० रुपयांहून अधिक असेल तरच ते लागू होते, आणि वाट्याची मर्यादा १० टक्के आहे. म्हणजे लहान किमतीच्या चित्रांच्या बाबतीत हे संरक्षण बहुधा मिळतच नाही. इसार घेताना कॉपीराइट कोणाकडे राहील, चित्राची छायाचित्रे नमुना म्हणून दाखवता येतील का आणि पसंत न पडल्यास बदल किती वेळा करून मिळतील, हे कागदावर लिहून घेण्याची पद्धत खानदेशात अजून रुजायची आहे. बहुतेक व्यवहार आजही ओळखीवर आणि शब्दावर चालतात.