राजकारण

राजकारण : एकत्र राहणे भाग असलेल्या, परंतु गरजा, मते आणि हितसंबंध भिन्न असलेल्या माणसांनी सर्वांवर बंधनकारक ठरतील असे निर्णय करणे, ते पाळायला लावणे आणि प्रसंगी बदलून घेणे, या सर्व व्यवहाराला राजकारण म्हणतात. मतभेदच नसतील तर या व्यवहाराची गरज पडत नाही. मतभेद आहेत, पण ज्याला त्याला आपापल्या वाटेने जाता येते, अशा स्थितीतही ती पडत नाही. नदी एकच आहे, तिजोरी एकच आहे, संकट सर्वांच्याच वेशीवर आहे, अशा वेळी वेगळे मत असलेल्यांनाही एकच निर्णय लागू करावा लागतो आणि तेथून राजकारण सुरू होते. पक्ष, निवडणुका, विधिमंडळे ही त्याची आधुनिक साधने वाचकाला परिचित असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

व्याख्या : या विषयाचे पाश्चात्त्य परंपरेतील पहिले पद्धतशीर विवेचन ॲरिस्टॉटलचे (इ. स. पू. ३८४–३२२) मानले जाते. मनुष्य हा स्वभावतःच नगरराज्यात राहणारा प्राणी आहे, हे त्याचे विधान नेहमी उद्धृत होते, पण बहुधा अर्धेच. मधमाश्या आणि कळपाने राहणारे इतर प्राणीही समूहात राहतात हे त्याला मान्य होते. माणसाचे वेगळेपण त्याने वाणीत पाहिले : सुखदुःखाचा आवाज प्राण्यांनाही काढता येतो, न्याय्य काय आणि अन्याय्य काय हे मात्र वाणीनेच सांगता येते आणि त्यावर वाद घालता येतो. घरधन्याची कुटुंबावरील आणि मालकाची दासांवरील सत्ता त्याने राजकारणातून वगळली. समान व स्वतंत्र नागरिकांनी आळीपाळीने राज्य करावे आणि आळीपाळीने राज्य मानावे, हे त्याला अभिप्रेत होते. या नागरिकांत स्त्रिया, दास आणि परके यांना स्थान नव्हते. त्यांच्या श्रमावरच ही समता उभी होती, हे ॲरिस्टॉटलचे गोडवे गाताना सहसा विसरले जाते.

विसाव्या शतकात व्याख्येचा भर नागरिकत्वाकडून सत्तेकडे सरकला. माक्स वेबरने १९१९ मध्ये म्यूनिक येथे दिलेल्या व्याख्यानात सत्तेत वाटा मिळवण्याचा किंवा सत्तेच्या वाटणीवर प्रभाव पाडण्याचा प्रयत्न म्हणजे राजकारण, अशी मांडणी केली. विशिष्ट भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संघटना म्हणजे राज्य, हे त्याचे लक्षणही त्याच व्याख्यानातले. हॅरल्ड लॅसवेलने १९३६ मध्ये कोणाला काय, केव्हा आणि कसे मिळते एवढ्यावर विषय आणून ठेवला. डेव्हिड ईस्टनने १९५३ मध्ये समाजातील मूल्यांचे अधिकृत वाटप अशी व्याख्या केली. लॅसवेलचे सूत्र सुटसुटीत असले तरी ते दरोडेखोरांनी केलेल्या लुटीच्या वाटणीलाही तितकेच लागू पडते. ईस्टनच्या व्याख्येतील ‘अधिकृत’ हे विशेषण ही फट बुजवते, म्हणून प्रस्तुत नोंदीत तिलाच जवळचा अर्थ घेतला आहे. बर्नर्ड क्रिकने (१९६२) व्याख्या आणखी आवळली : एकाच शासनाखालील भिन्न हितसंबंधांना सत्तेत वाटा देऊन त्यांचा मेळ घालणे, तेवढेच राजकारण. या हिशेबाने हुकूमशाहीत राजकारण नसतेच. दरबारातील गटबाजी, वारसाहक्काची भांडणे, लष्करातील कटकारस्थाने या सर्वांना मग वेगळे नाव शोधावे लागेल.

उगमाचा प्रश्न : राजकारण राज्यसंस्थेबरोबर जन्मले की तिच्या आधीपासून होते, हा या विषयातील सर्वांत जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. प्राचीन ग्रंथांनी त्याचे उत्तर कथारूपाने दिले. महाभारताच्या शांतिपर्वात दोन वृत्तान्त थोड्याच अंतराने येतात. एकात आरंभी राज्यही नव्हते आणि राजाही नव्हता, दंडही नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. लोक धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत आणि पुढे मोह व लोभ शिरल्याने ती घडी विस्कटली. दुसऱ्यात अराजकाने गांजलेले लोक आधी आपसांत करार करतात, तो पुरेसा पडत नाही तेव्हा ब्रह्मदेवाकडे जातात आणि मनूला राजा म्हणून स्वीकारताना पशू व सुवर्ण यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देऊ करतात. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील अग्गञ्ञसुत्तात देव मध्ये येत नाही : शेतांच्या हद्दी पडल्यावर चोरी सुरू होते, आणि लोक आपल्यातील एकाला तांदळाचा वाटा देऊन निवाड्यासाठी निवडतात. तो ‘महासम्मत’. हॉब्ज (१६५१), लॉक (१६८९) आणि रूसो (१७६२) यांच्या सामाजिक कराराशी या कथांची तुलना अनेकांनी केली आहे. तुलना आकर्षक असली तरी ती जपून करावी लागते, कारण युरोपीय विचारवंतांना शासनाच्या वैधतेचा तार्किक आधार हवा होता, तर सुत्ताचा मुख्य रोख वर्णश्रेष्ठत्वाच्या दाव्याचे खंडन करण्यावर आहे.

पुरातत्त्व आणि मानवशास्त्र यांनी प्रश्नाचे स्वरूप बदलले. सर्वांत जुनी राज्ये इ. स. पू. चौथ्या सहस्रकात दक्षिण मेसोपोटेमियात आणि त्याच सहस्रकाच्या अखेरीस ईजिप्तमध्ये दिसतात, याविषयी साधारण एकमत आहे. ती का उद्‌भवली याविषयी नाही. कार्ल विटफोगेलने (१९५७) मोठ्या सिंचनव्यवस्थेच्या गरजेतून केंद्रीय नोकरशाही आली असे मानले. मेसोपोटेमियातील कालव्यांच्या पाहणीतून मात्र प्रचंड सिंचनयोजना राज्यस्थापनेनंतरच्या असल्याचे दिसू लागले, त्यामुळे हे मत आता मूळ स्वरूपात फारसे कोणी मांडत नाही. रॉबर्ट कार्नेरोने (१९७०) डोंगर, वाळवंट किंवा समुद्र यांनी वेढलेल्या सुपीक पट्ट्यांकडे लक्ष वेधले : तेथे लढाईत हरलेल्यांना पळून जाण्यास जागा नसते, म्हणून ते जेत्याचे अंकित होतात. सिंधू संस्कृतीची नगरे कोणत्याच सूत्रात नीट बसत नाहीत. वजने, विटांची प्रमाणे आणि सांडपाण्याची व्यवस्था यांत विलक्षण एकसूत्रता आहे, पण निर्विवाद म्हणता येईल असा राजवाडा किंवा राजाची समाधी तेथे सापडलेली नाही.

राज्याविना राजकारण कसे चालते याचे सर्वांत तपशीलवार वर्णन इव्हान्स-प्रिचर्डने नाईल खोऱ्यातील नुएर लोकांविषयी १९४० मध्ये केले. नुएर समाजात राजा, न्यायालय वा शिपाई नव्हता. खून झाला की मारेकरी बिबट्याचे कातडे पांघरणाऱ्या मध्यस्थाच्या घरी आश्रय घेई. तेथे असेपर्यंत त्याच्यावर हात टाकता येत नसे. मध्यस्थ मग दोन्ही घराण्यांत ये-जा करून चाळीस-पन्नास गुरांच्या भरपाईवर बोलणी लावी. मृताचे नातलग प्रथम साफ नकार देत, कारण लगेच होकार देणे म्हणजे मेलेल्याची किंमत करणे ठरे. मध्यस्थ शाप देण्याची धमकी देई आणि त्या धमकीच्या आडोशाने नातलगांना मान राखून गुरे स्वीकारता येत. कोणालाही हुकूम देण्याचा अधिकार त्या मध्यस्थाला नव्हता, तरी निर्णय होत असे आणि बव्हंशी पाळलाही जाई. प्येर क्लास्त्र हा फ्रेंच मानवशास्त्रज्ञ १९७४ मध्ये याच्याही पुढे गेला : दक्षिण अमेरिकेतील काही जमाती राज्यापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत असे नसून त्यांनी आपल्या रचनेने राज्य हेतुतः होऊ दिले नाही, असे त्याने प्रतिपादले. हेतू सिद्ध करणे कठीण असल्याने या मताला मर्यादितच मान्यता मिळाली.

आणखी मागे जाऊ पाहणाऱ्यांनी चिंपांझींचा दाखला दिला आहे. नेदर्लंड्समधील आर्नेम येथील प्राणिसंग्रहालयातील निरीक्षणांवरून फ्रान्स द वाल याने १९८२ मध्ये नरांच्या युती, फितुरी आणि समेट यांची नोंद केली. सत्तास्पर्धेची मुळे मानवपूर्व असावीत एवढे त्यावरून म्हणता येते. गैरहजर असलेल्यांवरही बंधनकारक ठरणारा नियम मात्र तेथे आढळत नाही आणि वरील व्याख्येला तोच आवश्यक आहे. एकूण पुरावा पाहता राजकारण राज्याहून जुने आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कौटिलीय अर्थशास्त्र : राजकारणाच्या प्रयोजनाविषयी प्राचीन काळातील सर्वांत रोखठोक विधान या ग्रंथात आहे. दंडनीतीने, म्हणजे राज्यकारभाराच्या विद्येने, न मिळालेले मिळवावे, मिळालेले राखावे, राखलेले वाढवावे आणि वाढलेले योग्य ठिकाणी वाटावे, असे तो सांगतो. चौथे पद महत्त्वाचे आहे, कारण पहिली तीन कोणत्याही महत्त्वाकांक्षी राजाला न सांगता समजतात. ग्रंथाची पोथी आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये आली आणि १९०९ मध्ये ती मुद्रित झाली. तेव्हापासून तिच्या काळाचा वाद चालू आहे. परंपरेने ती चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याची, म्हणजे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरची समजली जाते, आणि संहितेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी १९६०–६५ या काळात याच पक्षाचे समर्थन केले. विरोधी पक्ष चिनी रेशमाचा आणि आलकंदक पोवळ्यांचा उल्लेख पुढे करतो. आलकंदक हा शब्द ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाशी जोडल्यास भूमध्यसागरी व्यापार भरात असलेला काळ सूचित होतो. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये च, वा, एव यांसारखी अव्यये ग्रंथाच्या कोणत्या अधिकरणात (विभागात) किती वेळा येतात याची मोजदाद केली आणि ग्रंथ एकाहून अधिक हातांचा आहे असा निष्कर्ष काढला. विषयानुसार शैली बदलू शकते, हा त्यावरील आक्षेप पूर्णपणे निकालात निघालेला नाही. पॅट्रिक ऑलिव्हेल (२०१३) मूळ रचना इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्यापासून पुढे आणि नंतरचे संस्करण इ. स. ३०० पर्यंतचे धरतात. जुन्या सामग्रीवर बेतलेले व नंतर संस्कारित झालेले संकलन, ही भूमिका सध्या अधिक सुरक्षित दिसते.

प्रयोजन : सुरक्षितता, न्याय, सामायिक साधनांचे वाटप आणि कलहाला हिंसेवाचून वाट करून देणे, ही प्रयोजने बहुतेक विचारवंत कमीअधिक फरकाने मान्य करतात. मतभेद आहे तो राजकारण हे केवळ साधन आहे की त्यात भाग घेणे हेच मूल्य आहे, यावर. हॅना आरेंटने (१९५८) दुसरा पक्ष घेतला : सार्वजनिक ठिकाणी इतरांसमोर बोलण्यात आणि कृती करण्यातच माणूस ‘कोण’ आहे हे प्रकट होते. पोटापाण्याचे प्रश्न तिने यातून जवळजवळ बाहेर ठेवले, ही तिच्या मांडणीची दुबळी बाजू होय.

कलहाला वाट करून देण्याचे एक बारकाईने अभ्यासता येणारे उदाहरण अथेन्समध्ये आहे. क्लेइस्थेनीझच्या सुधारणांनंतर (इ. स. पू. ५०८–५०७) केव्हातरी तेथे खापरांवर नाव लिहून एखाद्या प्रबळ नागरिकाला दहा वर्षांसाठी हद्दपार करण्याची प्रथा आली. खापरांची संख्या ६,००० भरावी लागे. हद्दपार व्यक्तीची मालमत्ता जप्त होत नसे आणि तिचे नागरिकत्वही जात नसे. स्पर्धकाला ठार न करता दूर ठेवण्याची ती सोय होती. अथेन्सच्या ॲक्रॉपलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीझ या अथेनियन नेत्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे एकत्र सापडली. त्यांवरील अक्षर अवघ्या १४ जणांचे आहे. कोणीतरी ती आधीच तयार करून वाटपासाठी ठेवली असावीत आणि काही न खपता उरली असावीत, असा अर्थ बहुधा बरोबर आहे. संघटित प्रचार लोकशाहीला नंतर लागलेली कीड आहे, या समजुतीला ही खापरे जागा ठेवत नाहीत.

लोकेच्छा मोजण्याची एखादी निर्दोष रीत सापडली की राजकारणाचे काम केवळ मोजणीचे उरेल, ही अपेक्षाही टिकलेली नाही. काँदॉर्सेने १७८५ मध्ये दाखवलेली अडचण अशी : तीन सदस्यांपुढे कालवा, रस्ता आणि शाळा हे पर्याय आहेत. पहिल्याचा पसंतीक्रम कालवा, रस्ता, शाळा असा; दुसऱ्याचा रस्ता, शाळा, कालवा; तिसऱ्याचा शाळा, कालवा, रस्ता. दोन विरुद्ध एक मतांनी कालवा रस्त्याला हरवतो, रस्ता शाळेला हरवतो आणि शाळा कालव्याला हरवते. बहुमत गोल फिरत राहते. मग कोणते दोन पर्याय आधी मतास टाकायचे हे ठरवणाराच निकाल ठरवतो. केनेथ ॲरो याने १९५१ मध्ये काही वाजवी वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी कोणतीही क्रमवार मतपद्धती असू शकत नाही, हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. कार्यक्रमपत्रिका कोणाच्या हाती, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक सभागृहात भांडणाचा होतो.

मर्यादा : काहींच्या मते राजकारण संपू शकते. वर्गभेद नाहीसा झाल्यावर माणसांवरील शासनाची जागा वस्तूंचे व्यवस्थापन घेईल, असे एंगल्सने १८७८ मध्ये लिहिले. तज्ज्ञांच्या हाती कारभार द्यावा म्हणणारेही वेगळ्या वाटेने तेथेच येतात. कोणती वस्तू आधी आणि कोणासाठी, हा प्रश्न दोघांनीही सुटलेला धरला आहे. उलट टोकाला कार्ल श्मिटने (१९२७) शत्रू आणि मित्र हा भेदच राजकीयतेचा निकष ठरवला. त्याचा पुढे नाझी राजवटीशी आलेला संबंध बाजूला ठेवला, तरी दैनंदिन तडजोडींना या निकषात जागा नाही. खाजगी आयुष्यातील सत्तासंबंधही राजकीयच होत, हा स्त्रीवादी आग्रह १९७० च्या सुमारास पुढे आला आणि ॲरिस्टॉटलने घरापाशी आखलेली रेघ त्याने पुसली. ही व्याप्ती कोठे थांबवावी, याबाबत अद्याप स्थिर मत बनलेले नाही.

राज्याच्या कक्षेबाहेरील निर्णयव्यवस्थांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉमच्या संशोधनाने (१९९०) पुन्हा मार्गी लागला. तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चराऊ कुरणे, मच्छीमारी आणि पाटपाणी यांचे नियम वापरणारेच करतात व पाळतात, अशी अनेक उदाहरणे तिने तपासली. त्यांपैकी स्पेनमधील व्हॅलेन्सियाची जलपंचायत प्रसिद्ध आहे. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात बसतात. तक्रार, जबाब आणि निवाडा सर्व तोंडी होते. ज्या कालव्याचा तंटा असेल त्याचा प्रतिनिधी त्या निवाड्यात भाग घेत नाही, आणि निवाड्यावर अपील नाही. पंचायतीची स्थापना इ. स. ९६० मध्ये झाली असे परंपरा मानते, पण ते वर्ष पुराव्यापेक्षा अनुमानावर अधिक बेतलेले आहे.