पॅनियर काढले म्हणून बाइकपॅकिंग होत नाही

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाने सायकलवर गेलेल्यांचे फोटो दर हिवाळ्यात दिसतात आणि हल्ली त्याला सर्रास ‘कोकण बाइकपॅकिंग’ म्हटलं जातं. सीटमागे लांबुळकी बॅग, हँडलला गुंडाळी, फ्रेमच्या त्रिकोणात तिसरी बॅग. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, म्हणजे पॅनियर, तेवढे काढलेले. रस्ता मात्र डांबरी आणि मुक्काम रोज कुणाच्या तरी घरगुती खोलीत. हे सायकल टूरिंग आहे, आणि उत्तम टूरिंग आहे. नाव बदललं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते पुढच्या वर्षी. ‘बाइकपॅकिंग जमलं’ या भरवशावर हीच माणसं सह्याद्रीतल्या एखाद्या घाटवाटेला सायकल घेऊन जातात आणि पहिल्याच दुपारी, पाणी संपलेलं, अर्ध्या चढावर अडकतात.

टूरिंगबद्दल इथे फार लिहीत नाही. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, मग चढ, मग सडा, म्हणजे वरचं सपाट कातळपठार, मग पुन्हा थेट पुढच्या खाडीपर्यंत उतार, हे ज्यांच्या पायांना माहीत आहे त्यांना कॅरियर, पॅनियर, गिअर, पंक्चर सगळं ठाऊक असतं. बॅगांचे आकार, टायरची रुंदी, तंबू घ्यावा की खोली, हे फरकही खरे असले तरी दुय्यम. टायर सव्वादोन इंचांच्या आसपासचा, बाजू मजबूत असलेला घ्या, कारण जांभ्या दगडाच्या कडा टायरची बाजूच आधी कापतात. तंबूचं ज्याचं त्यानं ठरवावं.

गोंधळ होतो तो एकाच जागी. सायकल चालवता येत नाही, तेव्हा काय करायचं?

टूरिंगमध्ये याचं उत्तर द्यावंच लागत नाही. तिथे सगळा मार्ग चालवण्याजोगा आहे असं धरूनच बेत आखलेला असतो, आणि उतरून ढकलायची वेळ आली तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. डोंगरातल्या पायवाटेवरच्या बाइकपॅकिंगमध्ये ढकलणं, उचलणं, खांद्यावर घेणं हा मार्गाचाच भाग असतो आणि तो आधीपासून हिशेबात धरावा लागतो. सामान किती, कुठे बांधायचं, दिवसाला किती अंतर, पाणी किती, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

अमेरिकेतले दोन मार्ग शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसतं. ग्रेट डिव्हाइड हा कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा, चार हजार किलोमीटरहून लांब मार्ग. पण तो बहुतेक कच्च्या रस्त्यांवरून, जंगलखात्याच्या मातीच्या सडकांवरून जातो. चढ प्रचंड, हवा लहरी, तरी माणूस जवळजवळ सगळा वेळ सीटवर असतो. पॅनियर लावून, इतकंच काय, मागे ट्रेलर ओढतही लोक तो करत आलेत. कोलोरॅडो ट्रेल डेन्व्हरहून दुरँगोपर्यंत, सुमारे 780 किलोमीटर, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण ती एका माणसापुरती रुंद पायवाट आहे, बराच काळ 3000 मीटरच्या वर राहते आणि सर्वांत उंच जागी 4000 मीटर ओलांडते. तिथे चांगले तयारीचे सायकलस्वारही तासन् तास सायकल ढकलतात. काही राखीव रानांत सायकलला बंदीच आहे, तिथे रस्त्याने लांबचा वळसा घ्यावा लागतो. दोन्हींना बाइकपॅकिंगच म्हणतात. ग्रेट डिव्हाइडच्या शर्यतीचे व्हिडिओ पाहून कोलोरॅडो ट्रेलची तयारी करणारा माणूस फसतो, आणि आपल्याकडेही नेमकं हेच चाललंय.

आपल्याकडे हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. गावातली एखादी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पऱ्ह्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा अरुंद साकव, वाटेत आडवा आलेला छातीभर गडगा, म्हणजे दगडी बांध, एवढं पुरेसं आहे. भरलेले पॅनियर लावलेली सायकल साकवावर घातली की तुम्ही तिच्या शेजारून चालूच शकत नाही. चढावर ढकलताना प्रत्येक पावलाला मागची पॅनियर पिंडरीवर आपटते. वाट फूटभर रुंद असेल तर सायकल वाटेत आणि माणूस काट्यांत. गडग्यावरून उचलायची म्हटलं की सगळं वजन मागच्या चाकाशी, त्यामुळे पुढचं चाक अधांतरी उठतं आणि हँडल गरकन फिरतं. सामान सायकलच्या रेषेत आणि मध्याजवळ बांधायचं ते एवढ्यासाठी. वाऱ्याला अडथळा कमी, दिसायला सुबक, वगैरे कारणं दुकानदारांनी पुढे केलेली आहेत.

याच कारणाने माझा एक आग्रह आहे, जो बॅगा विकणाऱ्यांना आवडत नाही. फ्रेमचा सगळा त्रिकोण भरून टाकणारी बॅग घेऊ नका. वरची अर्धी जागा व्यापणारीही नको. सायकल खांद्यावर घ्यायची तर वरच्या दांड्याखाली खांदा शिरायला जागा लागते. म्हणून खालच्या कोपऱ्यात बसणारी छोटी बॅग घ्या. सामान मावत नसेल तर सामान कमी करा. पाठीवर मोठी सॅक घेणं हा उपाय अजिबात नाही. चालवताना कंबर जाते आणि उचलताना तोल जातो.

निघण्याआधी सगळं सामान पाण्यासकट बांधा आणि सायकल पाखाडीवरून वर न्या. शहरात असाल तर तीन मजले जिना चढवा, मग उतरवा. जमलं नाही तर बेत तिथेच बदलावा, घाटात जाऊन नव्हे.

घाटवाटांबद्दल एक समज वारंवार ऐकू येतो: इथून बैलांचे तांडे जायचे, मग सायकल का जाणार नाही? केळदहून कोकणात उतरणाऱ्या मढे घाटाबद्दल तर हे हमखास म्हटलं जातं. तानाजींचं पार्थिव याच वाटेने उमरठ्याला नेलं असं सांगतात, म्हणजे वाट प्रशस्त असणार, असा तर्क. पण लादलेला बैल दगडावर पाय रोवून पायरी चढतो आणि जागच्या जागी वळतो. चाकाला सलग पृष्ठभाग लागतो आणि सायकलच्या लांबीला वळायला जागा लागते. अशा वाटेवर उतारावरसुद्धा सायकल हातात धरूनच न्यावी लागते. आणि नाळेचं, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून जाणाऱ्या वाटेचं, नावही काढू नका, तिथे सगळे धोंडेच.

अंतराचा हिशेबही इथेच चुकतो. ‘डांबरीवर शंभर होतात, मग इथे साठ तरी होतील’ हे गणित मला दर वेळी अस्वस्थ करतं. ढकलताना वेग चालण्याहूनही कमी असतो, तासाला दोन किलोमीटर झाले तरी भरपूर. दीड किलोमीटरात तीनशे मीटर चढ असेल तर तो तुकडा ताशी वेगात मोजूच नका, अर्धा दिवस त्याच्या नावावर टाका. मोबाइलमधल्या नकाशावर तुटक रेघ आहे म्हणून ती सायकलची वाट ठरत नाही. वाडीतल्या माणसाला विचारा, गुरं अजून त्या वाटेने जातात का. जात नसतील तर पावसाळ्यानंतरच्या पुरुषभर गवतात वाट सापडणारही नाही. म्हणून दिवाळीची घाई न करता डिसेंबर-जानेवारीच धरावा. त्यानंतर सड्यावर ना सावली ना पाणी, आणि पाण्याचं वजन इतर सगळ्या सामानावर मात करतं.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या जुन्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या डांबरीने वळसा घ्यावा. कोलोरॅडोत लोक निमूटपणे लांबचा रस्ता धरतात, तसाच आपणही धरावा.

सागरी महामार्गाला जाणाऱ्यांनी मात्र खुशाल कॅरियर आणि दोन पॅनियर लावावेत. स्वस्त पडतं, जास्त मावतं, फेरीबोटीत चढताना झटकन काढता येतं. त्या रस्त्यासाठी महागडा बॅगांचा संच घेणं मला पटत नाही.

आणि ज्यांना खरोखर पायवाटेकडे वळायचंय त्यांनी घाटाच्या आधी राजापूर-रत्नागिरीकडचे सडे करावेत. कच्च्या वाटा, मध्ये मध्ये पाणंदी आणि पाखाड्या, ढकलण्या-उचलण्याचा भरपूर सराव, आणि काही अडलं तर वाडी फार लांब नसते. फक्त देवाचे गोठणे, कशेळी, बारसू या भागांत कातळावर लक्ष ठेवा. तिथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, पण बरीचशी उघड्या सड्यावर, पायाखालीच कोरलेली आहेत. शिल्प दिसलं की उतरून सायकल बाजूने न्या, त्यावर चाक घालू नका आणि फोटोसाठी सायकल त्यावर आडवीही टाकू नका.