घनता की केंद्रीकरण? आरोग्य केंद्रांच्या जाळ्यातले दोन आकडे

नवी मुंबईतली दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची 10 नागरी आरोग्य केंद्रे घ्या, उदाहरण कागदावरचेच. त्यांच्या जोड्या 45 होतात (10 × 9 ÷ 2). खरोखर मिळून काम करणारी प्रत्येक जोडी म्हणजे एक दुवा, आणि 45 पैकी अशा जोड्या किती, याचे प्रमाण म्हणजे घनता. ते काम एकाच केंद्राभोवती किती एकवटले आहे, हे केंद्रीकरण सांगते. अहवालांत बहुधा घनताच छापतात आणि ‘समन्वय चांगला’ म्हणून मोकळे होतात.

समजा, नऊ केंद्रांचा संबंध फक्त वाशीच्या केंद्राशी आहे. दुवे 9, घनता 20%. आता तीच केंद्रे वर्तुळात ठेवून प्रत्येकाला दोन्ही शेजाऱ्यांशी जोडा. दुवे 10, घनता 22%. फरक नावापुरता, पण केंद्रीकरण पहिल्या जाळ्यात 100%, दुसऱ्यात शून्य. सूत्र समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांचे: सर्वाधिक दुव्यांच्या आकड्यातून प्रत्येक केंद्राचे दुवे वजा करायचे, फरकांची बेरीज करायची आणि तिला (केंद्रे − 1) × (केंद्रे − 2) ने भागायचे. वाशीचे 9, बाकीच्यांचा एकेक. म्हणून 9 × 8 = 72, आणि भाजकही 72.

वाशीतला समन्वयक बदलून गेला, तर पहिल्या जाळ्यात तुर्भे आणि कोपरखैरणे यांना जोडणारे कुणीच उरत नाही. तरी केंद्रीकरण वाईटच असे नाही. पावसाळ्यात डेंग्यूची खबर त्याच जाळ्यात जास्तीत जास्त दोन टप्प्यांत सगळीकडे पोचते, वर्तुळात पाच टप्पे लागू शकतात. उलट घर बदललेल्या क्षयरुग्णाचे उपचार तुटू नयेत, यासाठी दोन केंद्रांत थेट बोलणे हवे.

घनतेची तुलना करताना केंद्रांची संख्या पाहा. प्रत्येकाचे 4 दुवे असतील तर 10 केंद्रांत घनता 44%, 20 केंद्रांत 21%. सहकार्य घटलेले नसते, शक्य जोड्या 190 झालेल्या असतात.

खरी फसगत मात्र प्रश्नावलीत होते. ‘तुमचा कोणाशी संपर्क आहे?’ असे विचारले की सगळे सगळ्यांवर खूण करतात, कारण व्हॉट्सॲप ग्रुप एकच. घनता 100%, उपयोग शून्य. त्याऐवजी सर्व केंद्रांची यादी द्या आणि मागच्या 3 महिन्यांत रुग्ण पाठवला का, संयुक्त शिबिर घेतले का, औषधसाठा दिला-घेतला का, हे वेगवेगळे विचारा. दोघांनी ‘हो’ म्हटले तरच दुवा धरायचा असेल, तर उत्तरे सर्वांची हवीत: दोनच केंद्रे गप्प राहिली तरी 45 पैकी 17 जोड्या तपासता येत नाहीत.

आर (R) या संगणकभाषेतले आयग्राफ (igraph) हे जाळी मोजायचे पॅकेज वापरत असाल तर केंद्रीकरण काढताना लूप्सचा, म्हणजे केंद्राचा स्वतःशीच दुवा धरण्याचा, पर्याय बंद ठेवा, नाहीतर भाजक मोठा होतो. आधी वरचे वाशीचे जाळे टाकून उत्तर 1, म्हणजे 100%, येते का पाहा, मग खरी माहिती भरा.