ट्रेलरवर ई-सायकली नेताना: बांधायचं कसं, तपासायचं कुठे

गुहागरहून आमचा सहा सायकलींचा ट्रेलर घेऊन तुम्ही वेळणेश्वर, हेदवी करत गणपतीपुळ्याकडे निघाला असाल, किंवा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाणार असाल, तर निघण्याआधी हे पत्रक वाचा. पहिल्यांदा सायकली तुमच्यासमोर आम्हीच बांधून देतो. पण मुक्कामावर त्या उतरवून पुन्हा चढवायच्या असतात, तेव्हा आम्ही तिथे नसतो. हे लिहिलंय ते त्या वेळेसाठी.

पहिल्या हंगामात आमच्याकडून झालेली चूक आधी सांगतो. चार सायकली नायलॉनच्या दोरीने आवळून बांधल्या होत्या. निघताना दोरी अगदी ताठ होती. वाटेत पाऊस लागला. नायलॉन भिजलं की ताणलं जातं. दोरी सैल पडली, सायकली एकमेकींवर आपटायला लागल्या आणि एकीच्या पेडलने दुसरीच्या मोटारची वायर घासून तुटली. आरशात बघावं तर सगळं जागच्या जागी. उतरवल्यावर कळलं, की एक सायकल चालूच होत नाही. ग्राहकाची अख्खी सकाळ वाया गेली आणि ती आम्हाला भरून देता आली नाही. त्या दिवसापासून आम्ही दोरी बंद केली. आता पॉलिएस्टरचे बेल्ट वापरतो. ते भिजले तरी फारसे ताणले जात नाहीत.

आधी बॅटरी काढा

सायकल उचलण्याआधी किल्ली फिरवून बॅटरी काढा. आमची सायकल साधारण 24 किलोची आहे, त्यातले 3 किलो बॅटरीचे. सहा सायकलींमागे 18 किलो वजन कमी होतं आणि उचलणाऱ्याची कंबर वाचते. शिवाय चढवताना चुकून थ्रॉटल दाबला गेला तर चाक फिरत नाही. बॅटऱ्या गाडीच्या आत ठेवा, एकमेकींवर आपटणार नाहीत अशा. धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ल्या किंवा सुटे पैसे लागून शॉर्ट होणार नाही. समुद्रावर गाडी उन्हात उभी करणार असाल तर बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. काचा लावलेली गाडी भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता सोसत नाही. बॅटरी पडली, फुगलेली दिसली किंवा तिला वास यायला लागला, तर ती गाडीत घेऊ नका, चार्जिंगलाही लावू नका. मोकळ्या जागी सावलीत ठेवा आणि आम्हाला फोन करा.

सायकलवरच्या बॅटरीच्या खाचेला प्लास्टिकची पिशवी बांधा, तिचं तोंड खालच्या बाजूला ठेवा. चालत्या गाडीत पाऊस तिरका आणि जोरात आत घुसतो. उभ्या सायकलवर पडणाऱ्या पावसापेक्षा तो वाईट. डिस्प्ले निघत असेल तर काढून खिशात ठेवा.

उभी कशी करायची

ट्रेलरवर सहा लोखंडी पन्हळी आहेत. एक सायकल पुढे तोंड करून, शेजारची मागे तोंड करून, अशा आलटून-पालटून लावा. यामुळे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: मोटार मागच्या चाकात असते, म्हणून सगळ्या सायकली एकाच दिशेने लावल्या तर वजन मागे झुकतं. चारच सायकली असतील तर मधल्या चार पन्हळी वापरा.

वजन मागे गेलं की ट्रेलर गाडीचा मागचा भाग वर उचलायला बघतो आणि वेग वाढला की शेपटीसारखा हलायला लागतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. रिकामा ट्रेलर 150 किलोचा, त्यावर बॅटरीविना सहा सायकलींचे 126 किलो, म्हणजे एकूण 276. त्याचे 28 ते 41 किलो हुकावर. मोजायचं असेल तर सपाट जमिनीवर घरातला वजनकाटा ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्यावर कपलर (ट्रेलरचा गाडीच्या हुकात अडकणारा पुढचा भाग) हुकाच्या उंचीला टेकवा. गाडीच्या पुस्तकात हुकावर किती भार चालतो तेही पाहा. पाण्याचे कॅन आणि बर्फाची पेटी ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू नका. ठेवायच्याच असतील तर चाकांच्या थोड्या पुढे ठेवा.

बांधणी

प्रत्येक सायकलमागे दोन छोटे बेल्ट आणि एक रॅचेट बेल्ट (दात्यांच्या खटक्याने आवळायचा पट्टा) दिला आहे. छोटे बेल्ट चाकांसाठी: रिम आणि पन्हळ एकत्र घट्ट बांधा, पुढचंही आणि मागचंही. मागच्या चाकाला बांधताना मोटारची वायर बेल्टखाली दबत नाही ना, ते बोटाने चाचपून पाहा.

बरेच जण हँडलवरून बेल्ट खाली ओढतात. तसं करू नका. पुढे सस्पेन्शन आहे. खड्ड्यात फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा) दबला की बेल्ट क्षणभर ढिला होतो आणि तेवढ्यात हूक निसटू शकतो. चाक पन्हळीला बांधलेलं असलं तर फोर्क कितीही वर-खाली झाला तरी पकड राहते. ब्रेकच्या नळ्या आणि वायरीही हँडलजवळच असतात.

रॅचेट बेल्ट सीटखालच्या उभ्या नळीला एक वेढा देऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांना लावा, म्हणजे सायकल डावी-उजवीकडे झुकत नाही. कॅरिअर, मडगार्ड आणि बॅटरीची खाच यांना बेल्ट लावू नका. रॅचेटच्या रिळावर बेल्टचे किमान दोन वेढे बसले पाहिजेत. बेल्टला एक अर्धा पीळ द्या. सरळ पट्टी वाऱ्यात फडफडते आणि फडफडून सैल होते. बेल्टला गाठ मारू नका, गाठीने त्याची ताकद बरीच घटते. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, लोंबतं ठेवू नका.

स्टँड वर करा. स्टँडवर उभी ठेवून बांधलेल्या सायकलीचा स्टँड खड्ड्यात वाकतो आणि फ्रेमही दुखावते. पेडल शेजारच्या स्पोकमध्ये जात असेल तर मधे गोणपाट किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. पेडल काढायचंच झालं तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

सगळं झाल्यावर सायकल सीटला धरून जोरात हलवा. ट्रेलरही सोबत हलला पाहिजे. सायकल एकटीच हलत असेल तर पुन्हा बांधा.

वाटेत

निघाल्यावर 10 किलोमीटरच्या आत थांबा. चिपळूणकडे जाताना शृंगारतळीच्या अलीकडे रुंद जागा बघून थांबता येतं. प्रत्येक बेल्टला हात लावा. सुरुवातीच्या हादऱ्यांत टायर पन्हळीत नीट बसतात आणि बेल्ट सैल होतात, कितीही चांगले बांधले असले तरी. या पत्रकातलं बाकी काही विसरलात तरी हे थांबणं विसरू नका. त्यानंतर प्रत्येक चहाच्या थांब्यावर आणि घाट संपल्यावर पुन्हा हात लावा.

आम्ही स्वतः ट्रेलर घेऊन 50 च्या वर जात नाही. या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही, त्यामुळे उतारावर तो गाडीला मागून ढकलतो. कुंभार्ली उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. ट्रेलर हलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगशी झगडू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप उतरू द्या.

गावातून जाताना वळणावर ट्रेलर गाडीपेक्षा आतून वळतो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतील तर वळण मोठं घ्या.

तवसाळ-जयगड किंवा धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर चढताना एकाने खाली उतरून कपलरकडे बघावं. ओहोटीला चढण जास्त तिरकी असते, तेव्हा ट्रेलरचं नाक टेकू शकतं. बोटीत हँडब्रेक लावा, ट्रेलरच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. पुळणीवर ट्रेलर नेऊ नका. भरती येत असताना रुतलेला ट्रेलर काढणं फार कठीण जातं.

कागदपत्रांबाबत एवढंच: 250 वॅटच्या आतल्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या या सायकलींना नोंदणी लागत नाही, पण ट्रेलरला लागते. त्याचे कागद डॅशबोर्डमध्ये ठेवा आणि सायकलींमुळे मागचे दिवे व नंबरप्लेट झाकले जात नाहीत ना, ते पाहा.

परत देताना बेल्ट आणि रॅचेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खाऱ्या वाऱ्यात रॅचेटचे दाते गंजतात आणि अडकतात. एखाद्या बेल्टची कड फाटलेली दिसली तर तो वेगळा ठेवून आम्हाला सांगा. सोबत दोन जादा बेल्ट दिलेले आहेत. फाटलेल्या बेल्टचे पैसे आम्ही घेत नाही.