अठरा वर्षांनंतर कार्ड कोणाच्या खिशात? खानदेशातल्या सिकलसेलची पार्श्वभूमी

हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं ही जन्मजात दुखणी खानदेशात सगळीकडे दिसतात. पण सातपुड्याच्या अंगाला, धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलपर्यंतच्या आदिवासी वस्त्यांत पहिलं नाव निघतं ते सिकलसेलचं. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे सदोष जनुक अंगात असूनही स्वतः आजारी नसले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात.

या पेशींची वैद्यकीय नोंद १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. तेव्हा मोठेपणीच्या उपचारांचा प्रश्न फारसा नव्हताच, कारण बरीच मुलं लहानपणीच जात. लहान मुलांना रोज पेनिसिलीन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग टळतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. पुढे १९९५ मध्ये हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने प्रौढांमधले दुखण्याचे झटके कमी होतात, हेही दिसलं. मुलं जगू लागली, मोठी झाली, आणि मग ध्यानात आलं की बालरोगतज्ज्ञाकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाताना ती मधेच निसटतात.

हा विचार नुसत्या सिकलसेलपुरता नव्हता. जन्मजात हृदयरोगावर शस्त्रक्रिया झालेली मुलंही तरुण होत होती. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख, एव्हरेट कूप यांनी १९८९ मध्ये याच विषयावर परिषद भरवली. १९९३ मध्ये किशोर आरोग्याच्या तज्ज्ञांनी भूमिका मांडली: मुलांच्या डॉक्टरकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे होणारं हे हस्तांतर ठरवून, टप्प्याटप्प्याने व्हावं. म्हणजे बारा-तेराव्या वर्षापासून मुलाने आजाराचं नाव सांगायचं, गोळ्यांचा हिशोब ठेवायचा, तपासणीचा थोडा वेळ आईबापाला बाहेर बसवून डॉक्टरशी एकट्याने बोलायचं.

आपल्याकडे यंत्रणा वाढली ती मुख्यतः शोधण्यासाठी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, पण त्यांची हद्द अठराव्या वर्षी संपते. नेमकं त्याच सुमारास बारावी होऊन आश्रमशाळाही सुटते. तोवर फोलिक अॅसिडच्या पिवळ्या गोळ्या मायने नाहीतर अधीक्षकांनी हातावर ठेवलेल्या, तपासणीचं कार्डही त्यांच्याच कपाटात. मुलगा आयटीआयला शहाद्याला जातो किंवा ऊसतोडीला गुजरातेत. तिथे अंग दुखायला लागलं, तर समोरच्या डॉक्टरला 'मला सिकलसेल आहे' हे त्यानेच सांगायचं असतं. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मग साध्या अंगदुखीचं इंजेक्शन मिळतं आणि तो पुन्हा फडात उभा राहतो. मे महिन्याच्या उन्हात, पाणी कमी पिऊन केलेले कष्ट हे झटक्याला आमंत्रणच. हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असतं, मुकादमाला नसतं.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. लग्न जमेपर्यंत आजार झाकायचा, हा घरचा निर्णय. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना गरोदरपणाचा विचार डॉक्टरला विचारूनच करावा लागतो, अधूनमधून रक्ताची तपासणीही लागते. हे तिला स्वतःला माहीत नसेल, तर सासरी कोण सांगणार? माझ्या मते हस्तांतराचं सगळ्यात निकडीचं काम इथेच आहे.

कायदा आणि योजना मात्र मुलांपुरत्या थांबलेल्या नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, म्हणजे अठराची रेघ निदान तपासणीत तरी पुसली गेली. किती जण तपासले, किती कार्डं वाटली, याचे आकडे दर आढाव्यात येतात. आपलं कार्ड वाचून दाखवू शकणारी बारावीची मुलं किती, हा रकाना त्यात घालायला फार खर्च येणार नाही.