वितळलेल्या मिठातलं युरोपियम प्रकाशाने कसं पकडतात

अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाला आपण वापरलेलं म्हणतो, पण त्यात बहुतेक युरेनियम तसंच शिल्लक असतं, थोडं प्लुटोनियम नव्याने तयार झालेलं असतं आणि अणू फुटून झालेली बाकीची मूलद्रव्यं असतात ती वेगळीच. या बाकीच्यांत लँथेनाइड, म्हणजे गुणधर्मांनी एकमेकांसारखे असलेले धातू, भरपूर. निओडिमियम, सिरियम, समॅरियम, युरोपियम, गॅडोलिनियम. यातले काही न्यूट्रॉन गिळून टाकतात, गॅडोलिनियम-१५७ तर स्थिर आयसोटोपांमध्ये (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंमध्ये) याबाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे, म्हणून इंधन परत वापरायचं तर हे बाजूला काढावे लागतात.

त्याची एक पद्धत म्हणजे वितळलेल्या मिठात इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे मिठातून वीज सोडून धातू वेगळे काढणं. लिथियम क्लोराइड एकटं वितळायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं, पोटॅशियम क्लोराइडला ७७०, पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की साधारण ३५३ अंशालाच वितळतात, आणि मग ४५० ते ५०० अंशाला आरामात काम करता येतं. यात पाणी नाही आणि सेंद्रिय द्रावकही नाही, त्यामुळे किरणोत्साराने द्रावक खराब होण्याची कटकट फारशी नाही. इंधनाचे तुकडे टोपलीत घालून तीच टोपली विजेच्या प्लस टोकाला जोडून अ‍ॅनोड करायची, युरेनियम विरघळतं आणि समोरच्या स्टीलच्या कॅथोडवर (मायनस टोकावर) जाऊन बसतं. अमेरिकेत आयडाहोला ईबीआर-२ या प्रायोगिक अणुभट्टीचं इंधन १९९६ पासून असंच हाताळायला घेतलं. बहुतेक लँथेनाइडना धातू होऊन बसायला युरेनियमपेक्षा साधारण अर्धा व्होल्ट जास्त निगेटिव्ह पोटेन्शियल (इलेक्ट्रोडवरचा विद्युत दाब) लागतं, म्हणून ते मिठातच राहतात आणि साठत जातात.

आता मिठात नक्की कोण किती आणि कुठल्या रूपात आहे हे कसं कळणार? नुसता करंट मोजून इलेक्ट्रॉन किती गेले ते कळतं, ते कोणी घेतले हे मात्र पाचसहा मूलद्रव्यं एकत्र असली की सांगणं अवघड होतं. म्हणून करंटच्या जोडीला प्रकाश घ्यायचा. क्वार्ट्झच्या पातळ सेलमध्ये प्लॅटिनमची बारीक जाळी इलेक्ट्रोड म्हणून ठेवतात, जाळीच्या भोकांतून प्रकाश आरपार जातो, पोटेन्शियल थोडं थोडं बदलायचं, स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि प्रत्येक वेळी स्पेक्ट्रम घ्यायचा, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजायचं.

मला यात युरोपियम सगळ्यात भारी वाटतं. तीन प्लस युरोपियमने (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनने) एक इलेक्ट्रॉन घेतला की ते दोन प्लस होतं आणि तिथेच थांबतं, कारण त्याला धातू करायला जावं तर साध्या इलेक्ट्रोडवर त्याच्या आधी लिथियमच बाहेर पडायला लागतं. समॅरियमचंही तसंच. म्हणजे हे दोघं कॅथोडवर बसणारच नाहीत, उलट दोन प्लस आयन अ‍ॅनोडकडे जाऊन इलेक्ट्रॉन परत देऊन टाकतो आणि करंट फुकट जातो. पण स्पेक्ट्रममध्ये हा बदल लपत नाही. ४एफ, ५डी ही अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागांची नावं; लँथेनाइडच्या ४एफ ते ४एफ उड्या फार क्षीण दिसतात, दोन प्लस युरोपियममध्ये मात्र इलेक्ट्रॉन ४एफ मधून ५डी मध्ये उडी मारतो आणि अल्ट्राव्हायोलेटमध्ये जबरदस्त शोषण दिसतं. प्रत्येक पोटेन्शियलला तीन प्लस आणि दोन प्लसचं प्रमाण काढायचं आणि पोटेन्शियल आणि या प्रमाणाचं नातं सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात टाकायचं. एकाच इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण असेल तर ४५० अंशाला प्रमाण दहापट बदलायला साधारण १४३ मिलिव्होल्ट लागतात, खोलीच्या तापमानाला हेच ५९. पोटेन्शियल आणि प्रमाणाच्या लॉगचा आलेख काढला की सरळ रेषा येते; तिचा उतार १४३ च्या जवळ आला म्हणजे एकच इलेक्ट्रॉन गेला हे प्रकाशाने स्वतंत्रपणे सांगितलं, आणि त्याच रेषेवरून फॉर्मल पोटेन्शियलही (जिथे तीन प्लस आणि दोन प्लस सारखेच असतात ते) मिळतं.

करायला मात्र हे किचकट आहे. लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी झपाझप ओढतं, आणि पाणी आलं की लँथेनाइडचे ऑक्सिक्लोराइड (ऑक्सिजन आणि क्लोरीन दोन्ही असलेली संयुगं) तयार होतात, ते विरघळत नाहीत, मीठ गढूळ होतं आणि प्रकाश विखुरतो. म्हणून मीठ आधी नीट सुकवायचं आणि सगळं काम आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये करायचं. पोटेन्शियल फारच निगेटिव्ह नेलं तर सुटलेलं लिथियम क्वार्ट्झलाच खायला लागतं.

आणि खरी कसोटी पुढे आहे. प्रत्यक्ष प्रक्रियेतल्या मिठात तीन प्लस युरेनियम भरपूर असतं, त्याचा रंग इतका गडद की निओडिमियमच्या बारीक रेषा त्याखाली दबून जातात. त्यामुळे एकच तरंगलांबी बघून भागत नाही, अख्खा स्पेक्ट्रम घेऊन, आधी एकेकट्या मूलद्रव्याचे मोजलेले स्पेक्ट्रम हाताशी ठेवून, कोणाचा वाटा किती ते गणिताने वेगळं काढावं लागतं.