चोर्ल्याचा चढ आणि ब्लॉकमधला गाळ

गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी जुनी अँबॅसेडर अर्ध्या वाटेत वाफ सोडू लागली, की मालक हळहळतो, "आत्ताच तर इंजिन बांधलं!" पिस्टन नवे, रिंगा नव्या, सिलिंडर आतून घासून बोअरही केलेले. ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या ठोकळ्यात, पाणी फिरतं ती पोकळी मात्र कुणी पाहिलेलीच नसते.

पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव हिस्सा गाडी ओढतो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच पाण्याला वाहून न्यावा लागतो. घाटात इंजिन जोर लावतं, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा लागत नाही. सगळी भिस्त पंख्यावर.

अशा वेळी आतला थर नडतो. क्षार आणि गंज यांच्यातून उष्णता बिडाच्या मानाने पंचवीसेक पट सावकाश जाते. म्हणजे एक मिलिमीटर थर बसला, तर सिलिंडरची भिंत इंचभर जाड झाल्यासारखीच! हा गाळ साठतो पंपापासून सर्वांत लांब, मागच्या सिलिंडरच्या तळाशी. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं काढून, तार घालून खरवडल्याशिवाय तो निघत नाही. आमच्या गाडीतला तांबडा चिखल मी करवंटीत धरला होता. तिसरी करवंटी अर्धी भरली.

अँबॅसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, त्यामुळे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळता येतात. प्रीमियर पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ते त्यात बुडवलं तर कॉस्टिक धातूच खातं.

"थर्मोस्टॅट काढून टाका, गोव्यात कशाला हवा?" हा सल्लाही हमखास मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मला हा सल्ला पटत नाही. इंजिन थंडच राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुऊन काढतं आणि नव्या रिंगा झिजतात. गाळाने तुंबलेला रेडिएटर थर्मोस्टॅट काढून मोकळा होत नाही, ते वेगळंच.

पाणी कुठलं? किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी नकोच, त्यातलं मीठ धातू कुरतडतं. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळावं. बर्फाची भीती आपल्याकडे नाही, पण गंज रोखायला कूलंट हवं. रेडिएटरचं झाकणही तपासावं: 7 पौंड दाबाचं झाकण नीट बसलं तर पाणी 110 अंशांपुढे उकळतं, स्प्रिंग सैल पडली तर शंभरालाच.

एवढं करूनही थोडा गंज सुटतोच. म्हणून पहिले काही दिवस रेडिएटरकडे येणाऱ्या वरच्या पाइपात जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बसवावा आणि इंजिन थंड असताना रोज काढून झटकावा.